कट्ट्यावरच्या खुंट्या कुणाला टोचतात? : एक खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या सार्वजनिक जागा आखणारे, बांधणारे आणि त्यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी, वास्तुरचनाकार व अभियंते यांस,

विषय : चौकातल्या दगडी कट्ट्यावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्या आणि त्यांच्या बदल्यात मिळालेला स्केटपार्क.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी नेहमीप्रमाणे सकाळी साडेसहाला आम्ही चौकात पोचलो, तर लांबच्या लांब दगडी कट्ट्यावर दर दोन फुटांवर एकेक लोखंडी खुंटी, कडेवरून स्केटबोर्ड घासत नेता येऊ नये म्हणून. शेजारी नवी कोरी पाटी : धोकादायक स्केटबोर्डिंगला सक्त मनाई, त्यासाठी स्वतंत्र स्केटपार्क उपलब्ध करून दिला आहे. माझ्याबरोबर नऊ पोरं होती. त्यांतल्या सर्वांत धाकटीने खुंटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशी, पण मग बसायचं कुठे?"

मी बसून पाहिलं. टोचतं.

याआधी दोन अर्ज रीतसर दिले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर. तुम्हाला शिव्या घालायला लिहीत नाहीये. तुमच्यापैकी कुणीही वाईट हेतूने काही केलं असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं ते एवढंच, की तुम्ही कुणाला विचारलं नाहीत.

मी कोण, हेही सांगते. वय ४४. पहिल्यांदा फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, उभी राहिले तेव्हा २२ वर्षांची होते, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने उशीरच. ऑली शिकले ती याच कट्ट्याच्या कडेला. ऑली म्हणजे फळीला हात न लावता फळीसकट मारलेली उडी. मागच्या पायाने शेपटीवर, म्हणजे फळीच्या मागच्या टोकावर, दणका द्यायचा, पुढचा पाय घासत वर न्यायचा, की फळी तळव्याला चिकटल्यासारखी हवेत येते. सांगायला एवढंच, मला चार महिने लागले. डाव्या मनगटात एक पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही, ती माझी कमाई. गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी दोन तास मी तिथे मुलांना शिकवते, फुकट. हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड माझ्या गाडीच्या डिकीत असतात. आणि साडेआठनंतर चौकात वर्दळ सुरू व्हायच्या आत आम्ही निघतो.

आता तक्रारी.

पहिली, तुमच्या पाटीवरच्या 'धोकादायक' या शब्दाबद्दल. हा शब्द आमच्या खेळाला जवळजवळ जन्मापासून चिकटलेला आहे आणि तो चिकटला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी करायचं काय म्हणून, लाकडी फळीखाली रोलर स्केटची चाकं ठोकली. आधी लोखंडी चाकं, मग 'क्ले' नावाने ओळखली जाणारी, कडक पण ठिसूळ. वळणावर ती सटकायची, कडा उडायच्या आणि वाटाण्याएवढा खडा मध्ये आला की चाक जागच्या जागी थबकायचं. पोरगं मात्र पुढे जायचं, तोंडावर. १४ मे १९६५ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही १९ वर्षांची खेळाडू चालत्या फळीवर हातांवर उभी आहे आणि सोबतच्या मथळ्यात या फळ्यांचं वेड आणि त्यांचा उपद्रव, दोन्ही आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कितीतरी गावांनी रस्त्यावर स्केटबोर्ड चालवायला बंदी घातली. लाट ओसरली. कारखान्यांत माल पडून राहिला.

पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नासवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं पाहिली. ती भाड्याने मिळणाऱ्या रोलर स्केटसाठी केलेली होती. त्याने ती फळीला लावून पाहिली. चाक रस्ता धरून ठेवत होतं, खड्यावरून निघून जात होतं, आवाजही कमी. १९७३ च्या सुमारास त्याने ती विकायला काढली आणि मेलेला खेळ उठून बसला. म्हणजे दोष चाकात होता आणि बंदी पोरांवर आली होती. तुमच्यातल्या अभियंत्यांना तरी हे पटावं.

बंदीने काय होतं तेही पाहून झालेलं आहे. नॉर्वेने १९७८ मध्ये स्केटबोर्डच्या विक्रीवर आणि वापरावर देशभर बंदी घातली, ती १९८९ पर्यंत टिकली. खेळ थांबला का? पोरांनी फळ्या चोरून आणल्या आणि रानात, झाडीच्या आड, स्वतःच्या हाताने लाकडी रॅम्प बांधले. जिथे हेल्मेट घाल म्हणणारं कुणी नाही आणि पडल्यावर धावत येणारंही कुणी नाही, अशा जागी खेळ गेला, इतकंच.

दुसरी तक्रार 'पार्कात जा' या सल्ल्याची. महोदय, आम्ही पार्कातूनच रस्त्यावर आलो आहोत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काँक्रीटचे खासगी स्केटपार्क धडाधड उभे राहिले. कॅलिफोर्नियात तेव्हा दुष्काळ होता, रिकाम्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांच्या वाटोळ्या भिंतींवर पोरं चढत होती. पार्कांनी तेच वळण काँक्रीटमध्ये उतरवलं. मग पोरं पडली, दावे झाले, विम्याचे हप्ते मालकांच्या आवाक्याबाहेर गेले आणि १९८० च्या आसपास बहुतेक पार्क बुजवले गेले. जागा गेली, पोरं उरली. त्याच सुमाराला ॲलन गेलफँड या फ्लोरिडातल्या मुलाने तलावाच्या कडेशी हात न लावता उडायची युक्ती काढली होती. त्याचं टोपणनाव ऑली, तेच त्या उडीला चिकटलं. १९८२ मध्ये रॉडनी मलन या स्केटबोर्डरने तीच उडी सपाट जमिनीवर मारून दाखवली. आणि तिथून सगळं बदललं. सपाट जमिनीवरून उडता येतं म्हटल्यावर पायरी, कट्टा, कठडा, फुटपाथची कड, सगळ्यालाच अर्थ आला. तुम्ही ज्याला रस्त्यावरचा उच्छाद म्हणता तो बंद झालेल्या पार्कांच्या पोटी जन्मलेला आहे. विम्याच्या भीतीने एक दार बंद केलं, त्याने हे दुसरं उघडलं.

विम्याचा मुद्दा तुमच्या कार्यालयात मलाही तोंडी ऐकवण्यात आला, म्हणून हेही सांगते. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये कायदा करून स्केटबोर्डिंग जोखमीच्या खेळांच्या यादीत घातलं. हेल्मेट आणि पॅडची सक्ती वगैरे अटी पाळल्या, तर कसरती करताना ठरावीक वयाच्या पुढच्या खेळणाऱ्याला झालेल्या दुखापतीची जबाबदारी सहसा पालिकेवर येत नाही, अशी तरतूद केली. त्यानंतर तिथे सार्वजनिक पार्क भराभर उभे राहिले. कायद्याचं काम कायद्याने केलं. त्यासाठी खुंट्यांची गरज नव्हती.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे. ती तुम्ही दिलेल्या पार्काबद्दल आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या शहराची मंडळी हे वाचतील तर निदान त्यांचे तरी पैसे वाचतील.

पार्काचा कोबा झाडू फिरवून मुद्दाम खरबरीत केला आहे, रस्त्याच्या उतारावर करतात तसा. हेतू चांगला असेल : कुणी घसरू नये. पण आमचा खेळच घसरण्याचा आहे. आमची चाकं जेमतेम ५२-५३ मिलिमीटर व्यासाची आणि कडक असतात. अशा कोब्यावर ती दातओठ खात चालतात, वेग मरतो आणि पडलं की कातडीचा कीस निघतो. स्केटपार्कचं काँक्रीट लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करावं लागतं. वाटोळा उतार जमिनीला मिळतो तिथे बोटभर कंगोरा ठेवलाय. त्यावर पुढची चाकं अडतात. म्हणजे १९६५ चा तो वाटाण्याएवढा खडा तुम्ही काँक्रीटमध्ये कायमचा ओतून दिला आहे. पाणी जायची जाळी बरोबर मधल्या धावपट्टीवर आहे आणि तिच्या फटी चाकाच्या दिशेनेच आहेत. घसरायचा लोखंडी दांडा भिंतीपासून पाच पावलांवर संपतो. दांड्यावरून उतरलेल्या माणसाने पुढे काय करावं, अशी अपेक्षा होती? नवशिक्यासाठी काहीच नाही. सर्वांत लहान उतार माझ्या छातीइतका उंच आहे. दिवे नाहीत. फाटक पाचला बंद होतं, आणि शाळा सुटते साडेपाचला.

हा नकाशा काढणारी व्यक्ती फळीवर एकदाही उभी राहिलेली नाही, हे आमच्यातला दहा वर्षांचा पोरगाही पाच मिनिटांत सांगतो. त्याला विचारलं असतं तर त्याने फुकट सांगितलं असतं.

उलट उदाहरणही देते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये स्केटबोर्डरांनी कुणाची परवानगी न घेता स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. पुलाचा खांब, त्याला टेकवून एक वळण, मग दुसरं. पालिकेने ते पाडलं नाही, पुढे मान्यता दिली. जगभरचे खेळाडू आजही तिथे जातात आणि तिथे हात बसलेल्यांतल्या काहींनी पुढे स्केटपार्क बांधणं हाच धंदा केला. परवानगीशिवाय बांधावं असं मी म्हणत नाही. पण ज्याला त्यावर चालवायचं आहे त्याच्या हातात थापी असली की काय फरक पडतो, ते पाहून घ्या.

चौथी तक्रार मांडण्याआधी एक कबुली. नासधूस होते. आम्ही कट्ट्याच्या कडेला मेण चोळतो, त्यावरून फळीखालचा ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा भाग, घासत नेतो, कडा काळ्या पडतात, मऊ दगड असेल तर टवके उडतात. हे खोटं आहे असं म्हणणारा आमच्यातला कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. आवाजही होतो. रात्री अकराला फळी आपटणाऱ्या पोरांशी मी स्वतः भांडले आहे. पण कडेला लोखंडी कोन बसवला, किंवा मुळात कठीण ग्रॅनिट वापरला, तर ही झीज कितीतरी कमी होते. तक्रार ही, की खुंटी ठोकण्यासाठी तुम्ही प्रत्येक दगडाला भोकं पाडलीत. आमच्या बावीस वर्षांच्या घासण्याने एवढं नुकसान झालं नव्हतं.

इथे मला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्क नावाच्या चौकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एडमंड बेकन हे त्या शहराचे नगररचनाकार. तुमच्याच व्यवसायातले, आणि साधेसुधे नव्हेत. त्या चौकाची कल्पना त्यांनी १९३२ च्या आपल्या विद्यार्थिदशेतल्या प्रबंधात मांडली होती. चौक प्रत्यक्षात आला १९६५ मध्ये, व्हिन्सेंट क्लिंग यांच्या रचनेने. ग्रॅनिटच्या रुंद पायऱ्या आणि लांब कट्टे यांमुळे तो स्केटबोर्डरांची पंढरी झाला. शहराने २००१ आणि २००२ मध्ये एक्स गेम्स ही मोठी स्पर्धा भरवून या खेळाच्या नावावर जगभर मिरवून घेतलं, आणि त्याच २००२ मध्ये त्या चौकात हिरवळ आणि लाकडी बाकं घालून स्केटबोर्डरांना बाहेर काढलं. तेव्हा बेकन ९२ वर्षांचे होते. ऑक्टोबरमध्ये ते चौकात आले, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंनी आधार दिलेला, आणि मनाई धाब्यावर बसवून फळीवर उभे राहून पुढे सरकले. ज्याच्या डोक्यातून तो चौक निघाला त्याला पोरांनी तिथे घासणं खुपलं नाही. २००४ मध्ये एका बूट कंपनीने देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, ते शहराने नाकारले. पुढे तो चौक पुन्हा तोडला गेला तेव्हा त्याचे काही दगड स्वीडनमधल्या माल्मो शहराने समुद्रापलीकडे नेले. त्याच माल्मोने एका स्केटबोर्डरला पालिकेच्या नोकरीत घेतलं आणि चौक आखतानाच चाकांचा विचार केला. एका शहराने टाकलेला दगड दुसऱ्याने उचलून नेला. मला कधी कधी वाटतं, आमचा कट्टाही कुणी मागितला तर तुम्ही द्याल.

पाचवी. चौक आणि पार्क यांत एक फरक आहे, तो तुमच्या नकाशावर दिसत नाही. चौकात माणसं असतात. फिरायला आलेले आजोबा कट्ट्याच्या टोकाला बसून पोरांच्या उड्या मोजतात. दूधवाला थांबतो. कुणाची आई लांबून बघत असते. तुमचा पार्क बंद गोदामांच्या मागे आहे, तिथे फाटकावरच्या रखवालदाराशिवाय चिटपाखरू नसतं. माझ्या नऊ पोरांत पाच मुली आहेत. त्यांतल्या चौघींच्या घरच्यांनी तिथे पाठवायला स्वच्छ नकार दिला, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही दिला असता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथल्या स्पर्धेत गाजलेल्या झेफायर या स्केटबोर्ड संघात पेगी ओकी ही एकच मुलगी होती. तिथपासून आजवर मुलींनी ही जागा इंचाइंचाने मिळवली आहे. काबूलमध्ये मुलींनी सायकल चालवणं लोकांना खपत नव्हतं, पण स्केटबोर्डबद्दल कुणी काही ठरवलंच नव्हतं. त्या फटीतून शिरून स्केटिस्तान या संस्थेने २००९ मध्ये तिथे शाळा उघडली आणि मुली फळीवर आल्या. तिथे जे फटीतून साधलं, ते आमच्याकडे उघड्या चौकात आपसूक चाललं होतं. ते तुम्ही बंद केलंत.

तुमच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर ऑलिंपिकमधल्या स्केटबोर्डरचं चित्र आहे, हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. टोकियोत २०२१ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला, मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य दोन्ही १३ वर्षांच्या मुलींनी नेलं. या प्रकाराचं नावच स्ट्रीट. त्यात पायऱ्या, कठडे आणि कट्टे असतात, खुंट्यांशिवायचे. पण मला त्या स्पर्धेतलं वेगळंच दृश्य आठवतं. वाटोळ्या उतारांवर खेळल्या जाणाऱ्या पार्क प्रकाराच्या अंतिम फेरीत मिसुगु ओकामोतो ही १५ वर्षांची मुलगी शेवटच्या उडीत पडली, पदक हुकलं, डोळे पुसत कडेला आली. आणि जिच्याशी स्पर्धा होती त्या मुलींनीच तिला खांद्यावर उचललं. लोकांना नवल वाटलं. आम्हाला नाही. आमच्या कट्ट्यावर कुणाची उडी जमली की सगळे आपापल्या फळ्यांची शेपटी जमिनीवर आपटतात, हीच आमची टाळी, आणि ती सर्वांत जोरात वाजते ती चाळीस वेळा पडून एकेचाळिसाव्यांदा उभ्या राहिलेल्या पोरासाठी. तुम्हाला ज्या आवाजाचा त्रास होतो त्यातला काही हा आहे.

लंडनच्या साउथबँकचा किस्सा मी पूर्वी ऐकला होता. क्वीन एलिझाबेथ हॉलच्या खालच्या मोकळ्या काँक्रीटच्या जागेत १९७० च्या दशकापासून पोरं खेळत होती. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढायचं ठरलं आणि पोरांना जवळच नवी जागा देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली, हजारो हरकती गोळा केल्या आणि २०१४ मध्ये जुनी जागा राहील असा लेखी करार पदरात पाडून घेतला. खरं सांगते, मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. नवी, स्वच्छ, जवळची जागा मिळतेय, घ्या की! आता कळतंय. नवी जागा देणाऱ्याला वाटतं की तो जागेच्या बदल्यात जागा देतोय.

आमच्या मागण्या चार आहेत.

कट्ट्यावरच्या खुंट्या काढा, भोकं भरा आणि कडेला लोखंडी कोन बसवा. कोन बसवायचं काम आमच्यातले दोघे करतील, ते याच धंद्यात आहेत. सामान तेवढं द्या.

सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ठरवून दिलेल्या दोन तासांत चौकात खेळायला परवानगी द्या. त्या वेळा पाटीवर लिहा. रात्री नऊनंतर कुणी फळी आपटताना दिसलं तर आधी आम्हीच त्याला हटकू.

पार्काचा कोबा घोटून घ्या, कंगोरे काढा, जाळी हलवा, दिवे लावा, फाटक आठपर्यंत उघडं ठेवा. आणि गुडघ्याइतक्या उंचीचा एक तरी उतार बांधा. आठ वर्षांच्या मुलीने कुठून सुरुवात करायची?

यापुढे चाकांशी संबंध येईल असं काहीही आखाल, तेव्हा नकाशा पक्का होण्याआधी किमान दोन स्केटबोर्डरांना बैठकीला बोलवा, त्यातली एक मुलगी असू द्या. मानधन नको. बैठक शाळेच्या वेळेत ठेवू नका, म्हणजे झालं.

तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. तोवर आम्ही रविवारी साडेसहाला चौकात असूच. फळ्या गाडीतच राहतील, पाटीचा मान ठेवू. पोरं खुंट्यांच्या मधल्या दोन फुटांत एकेक बसतात. त्या आजोबांना तेवढ्यात नीट बसता येत नाही, म्हणून मी घरून त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची आणते. तुमच्यापैकी कुणी आलात तर आणखी एक आणीन.

कळावे,

आपली,
दर रविवारी कट्ट्यावर भेटणारी